अनोळखी माणसाबद्दल आपले अंदाज का चुकतात?

शिकागोच्या मॅगी डेली पार्कमध्ये बर्फावर स्केटिंग करायची सोय आहे. ऐन थंडीत तिथे आलेल्या ८४ जणांना अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी हॉट चॉकलेटचा एकेक कप देऊ केला. हवा तर स्वतः प्या, नाहीतर इथल्याच कुणा अनोळखी माणसाला द्या. ७५ जणांनी तो देऊन टाकला. कप पोचवायचं काम संशोधकांनी केलं आणि मग दोन्हीकडे एकच चौकशी केली. घेणाऱ्याला किती बरं वाटेल, असं देणाऱ्याला विचारलं. किती बरं वाटलं, असं घेणाऱ्याला. उणे ५ ते अधिक ५ या मोजपट्टीवर देणाऱ्यांचा अंदाज सरासरी २.७ होता, घेणाऱ्यांचं उत्तर ३.५ आलं.

हा फरक कुठून येतो ते याच दोघांच्या कपकेकच्या प्रयोगात दिसतं. काहींना कपकेक मिळाला तो प्रयोगात भाग घेतल्याबद्दल, काहींना कुणा अनोळखी माणसाने आपणहून दिला म्हणून. वस्तू तीच, पण दुसरा गट जास्त खूश झाला. देणाऱ्यांना हा फरक पडेल असं वाटलंच नव्हतं. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ असं मनात येतं तेव्हा आपण फक्त वस्तू मोजत असतो. समोरच्याच्या हिशेबात, ओळखपाळख नसताना कुणाला तरी आपल्यासाठी काही करावंसं वाटलं, हेही धरलेलं असतं.

मदत मागतानाही गणित असंच फसतं, फक्त कारण वेगळं. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागींना अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. त्यासाठी वीसेक जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात दहाएक जणांत काम झालं. मागणारा कामाचा बोजा बघतो. ज्याला विचारलंय त्याला मात्र तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. म्हणजे मिळालेला प्रत्येक होकार मनापासूनचाच असतो असं नाही. म्हणून मागतानाच ‘घाईत असाल तर राहू द्या’ एवढी वाट मोकळी ठेवावी.

चांगुलपणा सांसर्गिक असतो, हे वाक्य मात्र जरा जपून घ्यावं. सार्वजनिक फोनच्या खोक्यात एक नाणं सापडलेल्या १६ पैकी १४ जणांनी बाहेर येताच एका बाईचे सांडलेले कागद उचलून दिले आणि नाणं न सापडलेल्या २५ पैकी फक्त एकाने, असा १९७२ सालचा प्रयोग अजून सगळीकडे सांगितला जातो. दुसऱ्यांनी तो करून पाहिला तेव्हा असा फरक दिसला नाही. आकडे इतके नेटके असले की शंका घ्यायला हरकत नाही.

मग इतकी तयारी असूनही माणसं बघत का उभी राहतात? जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८ साली एका माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज इंटरकॉमवरून सहभागींना ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलेल्यांपैकी फक्त ३१ टक्के. न उठलेले लोकही निवांत नव्हते, चांगलेच अस्वस्थ होते. ‘दुसरं कुणीतरी बघेल’ म्हणत जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते आणि वाटणीत कुणाच्याच हाती पुरेशी येत नाही. त्यामुळे गर्दीत ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नये. एकाकडे बोट दाखवून सांगावं: ‘निळ्या शर्टातले तुम्ही, रुग्णवाहिकेला फोन लावा आणि लागला की मला सांगा.’

नेहमीच्या मदतीतही मोघमपणाच नडतो. ‘काही मदत करू का?’ याला तोंडातून आपसूक ‘नको नको’ निघतं, कारण काय सांगायचं हे समोरच्याला त्या क्षणी ठरवावं लागतं. बाळाची गाडी घेऊन जिन्याशी थांबलेल्या बाईला ‘पुढची बाजू मी उचलू?’ असं विचारलं तर हो किंवा नाही एवढंच म्हणायचं उरतं. विचारल्यावर दोन सेकंद थांबावं, उत्तराआधी हात लावू नये. नको म्हटलं तर हसून पुढे जावं. दुसऱ्यांदा विचारलं की आग्रह होतो आणि तिसऱ्यांदा त्रास.

सर्वांत जास्त चुका दृष्टिहीन व्यक्तीला रस्ता ओलांडून देताना होतात. लोक थेट दंड पकडतात आणि पुढे ढकलत नेतात. पुढे काय आहे ते न कळता ढकललं गेलं की कुणाचाही तोल जाईल. ज्या हातात पांढरी काठी आहे तो धरला तर आणखी पंचाईत. आधी बोलावं, कुठे जायचंय ते विचारावं, कारण प्रत्येकाला पलीकडेच जायचं असतं असं नाही. मग आपलं कोपर पुढे करून हाताच्या पाठीने त्यांच्या हाताला हलकेच स्पर्श करावा. ते कोपराच्या जरा वर धरतात. आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं, म्हणजे आपलं अंग वळलं, चढलं, उतरलं की त्यांना ते हातातूनच कळतं. पायरीशी क्षणभर थांबून ‘वर’ की ‘खाली’ ते सांगावं. फुटपाथवर पूर्ण चढल्यावरच हात सोडावा, तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगावं आणि ‘मी निघतो’ असं स्पष्ट म्हणावं. नुसता हात सोडून निघून गेलात, तर तो माणूस तुम्ही शेजारीच आहात असं समजून बोलत राहतो.