स्टेडियम कुठे बांधायचं, हा पैशाचाच प्रश्न आहे

महाराष्ट्र प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत 2023 मध्ये ‘सोलापूर रॉयल्स’ नावाचा संघ उतरला, पण त्याचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्यात झाले. आपल्या गावाच्या नावाचा संघ आपण मोबाइलवर बघायचा, हे मनाला लागतंच. शिवाय ही स्पर्धा सुरू झाली ती जूनमध्ये, आणि जूनचा पाऊस पर्जन्यछायेतल्या सोलापूरला गहुंज्यापेक्षा कमीच. म्हणजे इथे मोठं स्टेडियम मागण्यात गैर काही नाही. सरकारी पैशातून ते व्हावं, असं म्हणताना मात्र हिशेब नीट मांडायला हवा.

हा हिशेब सगळ्यात जास्त तपासला गेला तो अमेरिकेत. मिलवॉकीने सार्वजनिक पैशातून स्टेडियम बांधलं आणि 1953 मध्ये बॉस्टनचा बेसबॉल संघ आपल्याकडे ओढला. मग शहराशहरांत चढाओढ लागली. स्टेडियम आलं की रोजगार वाढेल, हॉटेलं चालतील, असं प्रत्येक ठिकाणी सांगितलं गेलं. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात हे दावे तपासून पाहिले. शहराच्या अर्थव्यवस्थेत डोळ्यांत भरावी अशी वाढ कुठे सापडली नाही, आणि नंतरच्या बहुतेक अभ्यासांतूनही तेच निघालं.

कारण समजायला अवघड नाही. एखाद्या घराचा महिन्याचा करमणुकीचा खर्च साधारण ठरलेला असतो. शनिवारी चौघांनी सामन्याला हजार-दीड हजार घालवले, तर त्या आठवड्यात सात रस्त्याजवळचं जेवण किंवा नवी पेठेतली खरेदी राहून जाते. पैसा तेवढाच, फक्त गल्ला बदलतो. बाहेरगावहून प्रेक्षक आले तर नवा पैसा येतो खरा, पण खेळाडूंचं मानधन आणि संघमालकांचा नफा गावाबाहेर निघून जातो. 1994 मध्ये अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंनी संप केला, त्या वर्षीची अंतिम मालिकासुद्धा रद्द झाली. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हंफ्रीज यांनी अशा संप-टाळेबंदीच्या काळातली शहरांची दरडोई उत्पन्नं तपासली. सामने बंद पडले म्हणून ती घटली नव्हती.

कर्जाची बाजूही कठीण आहे. माँट्रियलने 1976च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या स्टेडियमचं देणं फिटायला 2006 उजाडलं, आणि तिथे खेळणारा बेसबॉल संघ त्याआधीच, 2004च्या हंगामानंतर, शहर सोडून गेला होता. आपल्या गहुंज्याच्या स्टेडियमचं कर्ज थकलं तेव्हा 2018 मध्ये बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला होता. पुण्यासारखं श्रीमंत शहर शेजारी असून ही वेळ आली.

मग सार्वजनिक पैसा घालूच नये का? घालावा, पण जिथे तो रोज वापरला जाईल तिथे. समजा, नव्या स्टेडियमवर वर्षाला दहा व्यावसायिक सामने झाले. उरलेल्या 355 दिवसांचं काय? याचं उत्तर जागेवर ठरतं. अंतर वाढत गेलं की येणाऱ्यांची संख्या घटत जाते, हे वाहतूकशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. महापालिकेचं इंदिरा गांधी स्टेडियम, म्हणजे आपलं पार्क मैदान, सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, गावाच्या मधोमध आहे. पूर्व भागातल्या विडी कामगाराची मुलगी तिथे सायकलवर सरावाला येऊ शकते. तेच मैदान दहा-बारा किलोमीटर बाहेर नेलं, तर तिला दोन बस बदलाव्या लागतील आणि अंधार पडल्यावर परतायचं कसं, या काळजीने घरचे तिला पाठवणारच नाहीत. स्मार्ट सिटी योजनेतून पार्कचं नूतनीकरण झालं, जानेवारी 2024 मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामनाही खेळवला गेला. माझं स्पष्ट मत आहे की आधी हेच मैदान वाढवता येतं का ते पाहावं.

बाहेरची जागा सरकारी असली की ती फुकट मिळाली असं आपण धरून चालतो. पण त्याच जागेवर घरं, दवाखाना किंवा यंत्रमागांचे शेड झाले असते तर जे मिळालं असतं, ती तिची खरी किंमत. शिवाय आपल्याकडची काळी माती! तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. फुगण्या-आकसण्याचा हा जोर वर्षानुवर्षं पायाला धक्के देत राहतो, म्हणून गॅलरीचा पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोल न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. गंमत म्हणजे खेळपट्टीला हीच माती लागते, कारण ती ओल धरून ठेवते आणि रोलर फिरवला की घट्ट बसते.

आणि पाणी. 70 मीटर त्रिज्येचं मैदान म्हणजे सुमारे 15 हजार चौरस मीटर हिरवळ. कडक उन्हाळ्यात तिला दिवसाला साधारण 6 मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा रोजचं 90 हजार लिटर झालं. माणशी 135 लिटर या सरकारी निकषाने ही साडेसहाशेहून जास्त लोकांची गरज आहे. ज्या गावात उजनीचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, तिथे हा आकडा कोणीही विसरणार नाही. 2016च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते.

यावर उपाय आहे. हिरवळीला पिण्याचं पाणी लागतच नाही, सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं. देगावला महापालिकेचं शुद्धीकरण केंद्र आहे. तिथून मैदानापर्यंत वेगळी वाहिनी किती लांब टाकावी लागेल आणि पंपाचं वीजबिल महापालिका भरणार की संघमालक, हे दोन आकडे जागा ठरवण्याआधी सभागृहापुढे यायला हवेत. आणि पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा करार विटेवर वीट चढण्याआधी लेखी व्हावा.