तह करण्याचा अधिकार (सातारची गादी)

युद्ध थांबवणे, तहाच्या अटी ठरवणे आणि त्या आपल्या बाजूच्या सर्वांकडून पाळून घेणे, हा राष्ट्रप्रमुखाचा अधिकार मानला जातो. प्रत्यक्षात मंत्रिमंडळ, कायदेमंडळ, सरदार-सेनानी किंवा आधीचे करार त्याचे हात बांधतात. व्हर्सायच्या तहावर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१९ मध्ये सही केली. पण सिनेटने तो फेटाळला आणि जर्मनीशी असलेले युद्ध कायद्याने संपायला १९२१ साल उजाडले.

मराठी मुलखात या मर्यादांचा सर्वांत बोलका इतिहास सातारच्या गादीचा आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या हाती हा अधिकार खरोखर होता. कोल्हापूरकर संभाजीराजांशी चाललेले भाऊबंदकीचे युद्ध त्यांनी १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटवले आणि वारणा ही दोन राज्यांची सीमा ठरली. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्यातील वैरही त्यांनीच मुलूख वाटून देऊन शमवले. सरदारांचे सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख) आणि पदाची वस्त्रे सातारहून मिळत, म्हणून महाराजांचा शब्द मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या रामराजांनी राज्यकारभार पेशव्यांच्या हाती सोपवला. खुद्द रामराजांना ताराबाईंनी सातारच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. यापुढे छत्रपती नामधारी झाले, एवढे सांगून हा विषय सहसा सोडला जातो. ते अपुरे आहे. पेशवेपदाची वस्त्रे १७९६ मध्येही दुसऱ्या बाजीरावाला सातारहूनच घ्यावी लागली. पद देण्याचा मान गादीकडे राहिला, तहाचा अधिकार मात्र गेला. इंग्रजांशी झालेला १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी जुळवला आणि पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याला मान्यता द्यायला कित्येक महिने घेतले.

पेशव्यांचाही शब्द पुढे सर्वांवर चालेना. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. शिंदे-भोसल्यांनी तो मानला नाही, ते १८०३ मध्ये लढले आणि हरल्यावर भोसल्यांनी देवगावला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला आपापले वेगळे तह केले.

बाजीरावाच्या इंग्रजांशी झालेल्या शेवटच्या युद्धातला १८१८ चा प्रसंग याहून बोलका आहे. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि बाजीरावाने सोबत नेलेले सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. राज्याचा धनी शत्रूच्या छावणीत असतानाही युद्ध चालूच राहिले. ते संपले जूनमध्ये, बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला तेव्हा. फौज ज्याच्या मागे चालत होती, त्याच्याच शरणागतीला अर्थ होता.

इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य दिले, पण परवानगीवाचून परराज्यांशी पत्रव्यवहार करण्यास बंदी घातली. युद्ध किंवा तह करण्याचा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये याच कलमाच्या आधारे त्यांना पदच्युत करण्यात आले. शाळा काढणारा, कारभारात स्वतः लक्ष घालणारा हा राजा काशीत नजरकैदेत वारला. त्यांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले.

स्वतंत्र भारतात सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार राष्ट्रपतींकडे आहे. मात्र त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो आणि अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. १९६५ च्या युद्धात राष्ट्रपती राधाकृष्णन होते. युद्धबंदीचा निर्णय मात्र लालबहादूर शास्त्रींच्या सरकारचा होता. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रींनी पाकिस्तानशी झालेल्या करारावर सही केली, तेव्हा आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेथे हजर होते. पाकिस्तानच्या बाजूने राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांनी स्वतः सही केली, तरी त्यांच्याच देशात या करारावर असंतोष उसळला आणि परराष्ट्रमंत्री भुट्टो काही महिन्यांत सरकारबाहेर पडले. भारतीय जवानांनी जिंकलेली हाजी पीर खिंड या करारानुसार परत द्यावी लागली.