नागरिकत्व सोडणं वेगळं आणि नागरिकत्व जाणं वेगळं

माझा आतेभाऊ न्यूजर्सीत असतो, अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन त्याला चार वर्षं झाली होती तेव्हा मी त्याला सहज विचारलं की भारताचं नागरिकत्व कधी सोडलंस, तर म्हणाला अगं अजून कुठं सोडलंय, पासपोर्ट कपाटातच आहे. हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकलाय की आता लिहायलाच बसले.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत. कलम ८ म्हणजे स्वतःहून सोडणं. सज्ञान माणूस तसं लिहून देतो, सरकार त्याची नोंद करतं आणि नोंद झाली की तो भारतीय राहत नाही. सिंगापूरसारखे देश आधी जुनं सोडल्याचा कागद आणा मग शपथ घ्या म्हणतात, तिथं हा रस्ता लागतो.

कलम ९ मध्ये मात्र तुम्ही काहीच लिहून द्यायचं नसतं. आपल्या मर्जीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, कारण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्वच नाही. म्हणजे माझ्या भावाचं नागरिकत्व त्या हॉलमध्ये हात वर करून शपथ घेतली तेव्हाच गेलं होतं, कपाटातला पासपोर्ट नुसता कागद उरला होता. आणि तो वापरून प्रवास केला तर पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा होतो, हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा. सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला, ही जे आधीच गेलंय त्याची पावती आहे, पण ती पावती नसली की अडतं. मामा, म्हणजे त्याचे वडील, साताऱ्यात आयसीयूत होते आणि हा तिकडं व्हिसासाठी धावत होता, तर पहिला प्रश्न आला सरेंडर सर्टिफिकेट कुठंय. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तसं झालं, आठ दिवस गेले त्यात, मामांशी शेवटचं बोलणं फोनवरच झालं त्याचं.

मुलांच्या बाबतीत तर फरक अजून मोठा आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. कलम ८ खाली आईनं किंवा वडिलांनी नागरिकत्व सोडलं की अज्ञान मुलाचंही जातं, मग ते मूल १८ पूर्ण झाल्यावर एक वर्षाच्या आत परत मागू शकतं. कलम ९ मध्ये असं मुलांवर आपोआप येत नाही.

गोव्यातली गोष्ट थोडी निराळी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथं जन्मलेले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात, आणि तो पासपोर्ट हातात आला की कलम ९ लागतंच.

लोक का घेतात बाहेरचं, तर बहुतेक वेळा नोकरी गेली तर व्हिसा जाईल ही टांगती तलवार नको म्हणून, आणि दर प्रवासाला व्हिसाच्या रांगा नकोत म्हणून. २०२२ या एकाच वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचा आकडा सरकारनं संसदेत दिला होता, मी त्यांना नावं ठेवणार नाही, प्रत्येकाच्या घरची गणितं वेगळी.

पण खरा खर्च पुढं आहे. बाहेरचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, त्याला लोक दुहेरी नागरिकत्व समजतात, ते खरं तर आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. फ्लॅट घेता येतो पण शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. वारशानं आलेली शेती ठेवता येते, विकायची झाली तर इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मामांच्या नंतर सातबाऱ्यावर भावाचं नाव वारस म्हणून लागलं तेव्हा त्याला वाटलं शेजारचा तुकडाही घेऊन टाकू, विहीर त्याच तुकड्यात आहे. तलाठ्याकडं जायच्या आधी मीच त्याला थांबवलं. तो तुकडा आता त्याच्या धाकट्या भावानं घेतलाय, तो पुण्यात असतो आणि त्याचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे.