‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइमआउट’: ब्रोकर जोडला जात नाही तेव्हा आधी हे बघा

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून फोन येतो तेव्हा वाक्य ठरलेलं असतं: "सर, ब्रोकर कनेक्टच नाही होऊन राहिला." (ब्रोकर म्हणजे यंत्रांचे आणि प्रोग्रॅमांचे संदेश एकमेकांकडे पोचवणारा मधला प्रोग्रॅम, आणि त्याला जोडला जाणारा तो क्लायंट.) त्यावर मी एकच प्रश्न विचारतो. लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लिहिलंय की ‘कनेक्शन टाइम्ड आउट’? बहुतेक वेळा उत्तर येतं, "काहीतरी तसंच आहे सर, एकच गोष्ट ना?" एकच गोष्ट नाही. दोन्हींत क्लायंट जोडला जात नाही, एवढंच सारखं आहे. बिघाडाची जागा मात्र वेगळी असते, आणि हा फरक न पाहिल्यामुळे लोक फायरवॉल, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणारी यंत्रणा, तपासत दुपार घालवतात तेव्हा ब्रोकर मुळात बंदच असतो.

क्लायंट ब्रोकरच्या मशिनीवरच्या ठरलेल्या पोर्टकडे, म्हणजे क्रमांक दिलेल्या दाराकडे, टीसीपी या जोडणीच्या पद्धतीचं पहिलं पॅकेट पाठवतो, त्याला सिन म्हणतात. त्या पोर्टवर एखादा प्रोग्रॅम ऐकत बसला असेल तर होकार येतो आणि जोडणी सुरू होते. मशीन चालू आहे पण त्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही, अशा वेळी त्या मशिनीची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच रीसेट पॅकेट परत पाठवते. क्लायंटला तेच ‘रिफ्यूज्ड’ म्हणून दिसतं. टाइमआउटमध्ये होकारही येत नाही, नकारही येत नाही. सिन जातं, पुन्हा जातं, आणि शेवटी क्लायंट वाट पाहणं सोडतो. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्याची कडी वाजवल्यावर आतून "ते इथं राहत नाहीत" असं ऐकू येणं वेगळं आणि काहीच ऐकू न येणं वेगळं. पहिल्यात निदान वाड्यापर्यंत पोचलो हे कळतं.

म्हणून मी रिफ्यूज्डला चांगली बातमी मानतो. पॅकेट गेलं आणि उत्तर परत आलं, म्हणजे जाण्यायेण्याचा रस्ता उघडा आहे. आता शोध ब्रोकरच्या मशिनीवर घ्यायचा.

लॉग हाताशी नसेल तर घड्याळ बघा. रिफ्यूज्ड जवळपास लगेच येतं. विंडोज स्वतःच दोन-तीनदा प्रयत्न करतं म्हणून तिथं एक-दोन सेकंद लागतात. टाइमआउट रेंगाळतो. लायब्ररीने स्वतःची मर्यादा घातली नसेल तर विंडोजवर सुमारे २१ सेकंद आणि बऱ्याच लिनक्स मशिनींवर सुमारे १२७ सेकंद जातात. एरर नंबर दिसत असेल तर लिनक्सवर १११ म्हणजे रिफ्यूज्ड, ११० म्हणजे टाइमआउट. विंडोजवर तेच अनुक्रमे १००६१ आणि १००६०.

रिफ्यूज्डची पहिली शंका अर्थातच ब्रोकर चालू नसल्याची. दुसरी पोर्ट चुकल्याची. ब्रोकरच्या प्रकारानुसार नेहमीचे पोर्ट असे: एमक्यूटीटीचं १८८३ आणि टीएलएससह (म्हणजे सुरक्षित, सांकेतिक जोडणीसाठी) ८८८३, रॅबिटएमक्यूचं ५६७२ आणि टीएलएससह ५६७१, ॲक्टिव्हएमक्यूचं ६१६१६. पण सगळ्यात जास्त वेळ खाणारं कारण तिसरंच आहे. ब्रोकर चालू असतो, पोर्ट बरोबर असतो, पण तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशिनीच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत असतो. मॉस्किटो या एमक्यूटीटी ब्रोकरची २.० आवृत्ती २०२० च्या डिसेंबरमध्ये आली. तेव्हापासून कॉन्फिगरेशनमध्ये लिसनर (कुठं ऐकायचं ते सांगणारी ओळ) दिला नाही तर हा ब्रोकर फक्त त्याच मशिनीवरच्या क्लायंटना जवळ करतो. त्यामुळे सर्व्हरवर बसून चाचणी घेणारा शपथेवर सांगतो की सगळं ठीक आहे, आणि शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपला रिफ्यूज्ड मिळतं. दोघंही खरं बोलत असतात. सर्व्हरवर एसएस (ss) ही ऐकणारे पोर्ट दाखवणारी कमांड चालवून पोर्टच्या आधी कोणता पत्ता लिहिलाय ते वाचा, वाद तिथंच मिटतो.

याचंच जुळं भावंड डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात, सापडतं. क्लायंट एका कंटेनरमध्ये, ब्रोकर दुसऱ्या, आणि सेटिंगमध्ये ‘लोकलहोस्ट’. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, त्यामुळे क्लायंट स्वतःच्याच दारावर जाऊन नकार घेऊन येतो.

इथं एक सावधगिरी. रिफ्यूज्ड म्हणजे कोणीतरी उत्तर दिलं. ते तुमच्याच ब्रोकरच्या मशिनीने दिलं याची हमी नाही. कारखान्यात लाइन जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, त्याने ब्रोकरच्या मशिनीला नवा आयपी दिला आणि जुना आयपी प्रिंटरला मिळाला, की सेन्सर इमानदारीने प्रिंटरच्या १८८३ वर दार ठोठावत बसतात. प्रिंटर नकार देतो. जुना आयपी कोणालाच मिळाला नसेल तर त्याच नेटवर्कमधल्या लिनक्स क्लायंटला काही सेकंदांत ‘नो रूट टू होस्ट’ दिसतं. ब्रोकरच्या मशिनीला आयपी कायमचा बांधून द्या, हा त्रास मुळातून जातो.

टाइमआउटमध्ये शोध रस्त्यावर घ्यायचा, आणि रस्त्यात पॅकेट गुपचूप टाकून देणाऱ्या जागा बऱ्याच असतात. ब्रोकर ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये असेल तर आधी सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे तिथला फायरवॉल, बघा. तो परवानगी नसलेलं पॅकेट काही न कळवता टाकतो, म्हणून तिथं नकार येत नाही, शांतता येते. रॅबिटएमक्यूबाबत ठरलेली फसगत अशी: व्यवस्थापनाचं पान १५६७२ वर ब्राउझरमध्ये छान उघडतं, सगळे म्हणतात ब्रोकर तर दिसतोय, आणि ५६७२ मात्र कोणी उघडलेलंच नसतं.

दुसरी जागा आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत नेहमी भेटते. ब्रोकर कारखान्यातच, इंटरनेट सिमकार्डच्या राउटरवर, आणि धरमपेठेतल्या ऑफिसातून त्याच्याशी बोलायचंय. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या मशिनीकडे वळवणं) केलेलं असतं, तरी टाइमआउट. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवलंय, आणि बाहेरून येणारं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचणारच नाही. राउटरमध्ये कितीही सेटिंग बदला, उपयोग नाही. स्थिर सार्वजनिक आयपी विकत घ्या, नाहीतर ब्रोकर क्लाउडवर ठेवून कारखान्यालाच आतून बाहेर जोडू द्या. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण कारखान्याचं दार इंटरनेटवर उघडं राहत नाही.

काफ्का हा ब्रोकर मात्र रिफ्यूज्ड आणि टाइमआउट या दोन्हींत घोळ घालतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. क्लायंट ९०९२ वर जोडला जातो, पोर्ट उघडा आहे का हे बघणारी टेलनेटची चाचणीही पास होते. त्या पहिल्या जोडणीत ब्रोकर सांगतो, "पुढचं बोलणं या पत्त्यावर करा." हा पत्ता ‘ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स’ या सेटिंगमधून येतो. तिथं आतल्या नेटवर्कचा आयपी असेल तर बाहेरच्या क्लायंटला टाइमआउट मिळतो. तिथं लोकलहोस्ट असेल तर क्लायंट स्वतःच्याच मशिनीवर जातो आणि रिफ्यूज्ड मिळतं. चूक एकाच ओळीतली, लक्षणं दोन. म्हणून काफ्काच्या लॉगमध्ये एररइतकाच त्याच्या शेजारचा पत्ता वाचायचा: तुम्ही दिलेला पत्ता आहे की भलताच?

नियमाला आणखी एक अपवाद आहे. फायरवॉल पॅकेट टाकून देण्याऐवजी नाकारायला लावलेला असेल, तर रस्त्यातूनही रिफ्यूज्ड येऊ शकतं. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये ड्रॉप आणि रिजेक्ट हे वेगळे पर्याय त्यासाठीच आहेत. संशय आला तर ब्रोकरच्या मशिनीवर टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावा. सिन येताना दिसलं तर नकार याच मशिनीचा. काहीच दिसलं नाही तर नकार वाटेतल्या कोणाचा तरी.

जोडणी झाली आणि मग तुटली, तर ते या दोन्हींतलं नाही. एमक्यूटीटी ३.१.१ मध्ये ब्रोकर परत पाठवतो तो कोड ४ असेल तर नाव-पासवर्ड चुकलाय, ५ असेल तर परवानगी नाही. रॅबिटएमक्यूचा ‘गेस्ट’ हा वापरकर्ता ३.३.० आवृत्तीपासून फक्त त्याच मशिनीवरून चालतो. तिथं नेटवर्कला हात लावू नका.

ॲक्टिव्हएमक्यू वापरणाऱ्यांनी पत्त्यात ‘फेलओव्हर’ (आपोआप पुन्हा जोडायला सांगणारा शब्द) लिहिलं असेल तर क्लायंट मूळ एरर गिळून अमर्याद प्रयत्न करत राहतो आणि प्रोग्रॅम नुसता अडकल्यासारखा दिसतो. रिफ्यूज्ड आहे की टाइमआउट हे कळायला चाचणीपुरतं फेलओव्हर काढून साधा टीसीपी पत्ता द्या. आणि कोणतीही चाचणी क्लायंट जिथं चालतो त्याच मशिनीवरून, त्याच कंटेनरमधून घ्या. परसोडीच्या आयटी पार्कमधल्या वायफायवरून ब्रोकर लागला, म्हणजे बुटीबोरीतल्या गेटवेला (सेन्सरचा डेटा पुढे पाठवणाऱ्या मशिनीला) तो लागेलच असं नसतं.