ले-आउटमधल्या रस्त्याच्या रुंदीत सवलत: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

खान्देशात भाऊहिश्शाने वाटले गेलेले कितीतरी गट अरुंद आणि लांबलचक आहेत. अशा जमिनीत प्लॉट पाडायला घेतले की पहिला अडसर रस्त्याचा येतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत (यूडीसीपीआर) रहिवासी ले-आउटच्या अंतर्गत रस्त्याची रुंदी लांबीवर ठरते: १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० पर्यंत १२, त्यापुढे १५.

यात सूट मागता येते. नियमावलीतच सक्षम प्राधिकाऱ्याला विशेष लेखी परवानगीने मापे शिथिल करण्याचा अधिकार आहे. पण दोन अटींवर: अडचण स्पष्ट दाखवता आली पाहिजे आणि सवलतीने आरोग्य, अग्निसुरक्षा व सार्वजनिक सुरक्षितता बिघडता कामा नये. रस्त्याकडेचे सामासिक अंतर (रस्ता आणि इमारत यांत सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात करता येणारे बांधकाम) यांत ही सूट चालत नाही. विकास आराखड्यातला डीपी रस्ता असेल, तर तो विषयच वेगळा. तिथे नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यातच फेरबदल लागतो.

‘प्लॉट कमी बसतात’ ही अडचण धरली जात नाही, आणि बहुतेक अर्ज इथेच पडतात. अडचण जमिनीची हवी, नफ्याची नको. समजा शेत ३६ मीटर रुंद आणि ३२० मीटर खोल आहे. मधोमध १५ मीटरचा रस्ता टाकला तर दोन्हीकडे साडेदहा-साडेदहा मीटरच उरतात. पण साहेब लगेच विचारतील, रस्ता एका बांधाला का घेत नाही? मग एकाच बाजूला २१ मीटर खोलीचे प्लॉट पडतात आणि तुमचा मुद्दा संपतो. त्या बांधाला नाला असेल किंवा पक्की जुनी बांधकामे असतील, तर मात्र बोलायला जागा आहे. म्हणून नियमाप्रमाणे केलेला आणि सवलत धरलेला, असे दोन्ही नकाशे जोडा. शेजारच्या मंजूर ले-आउटचा रस्ता तुमच्या हद्दीला भिडत असेल तर तोही दाखवा. रस्ते जुळवून घेणे नियमातच आहे, आणि कधीकधी त्यानेच सवलतीची गरज संपते.

अर्ज कुठे करायचा? जळगाव, धुळे शहरात महापालिकेकडे. भुसावळ, अमळनेर, शहादा, शिरपूर अशा ठिकाणी नगरपरिषदेकडे. त्याबाहेरच्या गावांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथे नगररचना कार्यालयाचा अभिप्राय घेतला जातो. सवलतीची मागणी ले-आउटच्या प्रस्तावासोबतच करावी, नकाशा नाकारल्यावर नव्हे.

कागद नेहमीचेच: ताजा सातबारा, फेरफार, भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत, झोन दाखला (जमीन शेती, रहिवासी की अन्य विभागात आहे याचा), सर्व सहहिस्सेदारांची संमती आणि परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचे नकाशे. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची जमीन असेल तर पूररेषेचा दाखला. सवलतीसाठी मात्र कारणांचे वेगळे पत्र हवे, त्याला जागेचे फोटो आणि नाल्या-बांधांची मापे. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून फाईल अडणे आपल्याकडे नवे नाही. त्या आधी घ्या.

परवानगीसोबत प्रीमियम (सवलतीचे शुल्क), अनामत किंवा नुकसानभरपाईचा हक्क सोडण्याची अट येऊ शकते. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर ‘मानीव मंजुरी’ मिळाली, असे समजू नका. ती सोय नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावाला आहे. सवलतीला लेखी होकारच लागतो. परवानगी नाकारली गेली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ नुसार निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते.