रक्तदाबाची औषधे

वाढलेला रक्तदाब उतरवून तो मर्यादेत ठेवणारी औषधे. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाब मानतात. घरच्या यंत्रावर ही सीमा १३५/८५ धरतात. गोळ्यांनी दाब आटोक्यात राहतो, पण मूळ प्रवृत्ती बहुधा जात नाही. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद केली की दाब पुन्हा चढतो, आणि बहुतेकदा कसलाही त्रास न जाणवता चढतो.

हृदय किती रक्त ढकलते आणि बारीक रोहिण्या (धमन्या) किती आवळलेल्या आहेत, यांवर दाब ठरतो. अ‍ॅम्लोडिपिन रोहिण्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे त्या सैलावतात. ते शरीरात रेंगाळते. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, म्हणून दोन दिवसांत मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. काहींच्या घोट्यांवर सूज येते. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसल्याने लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ती उतरते.

टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे रोहिण्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी बसू देत नाहीत. रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल ते तयार होणेच कमी करतात. रॅमिप्रिलच्या गटात काहींना कोरडा खोकला लागतो. बाटलीमागून बाटली कफ सिरप घेऊन तो जात नाही, गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत जातो. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र पुढचा डोस न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

या दोन्ही गटांत रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. म्हणून औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला घटक) व पोटॅशियम तपासतात. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. या गोळ्या चालू असताना ते विचारल्याशिवाय वापरू नये. उपवासाचे सैंधवही मुख्यतः सोडियमच, त्याने दाबाला सूट मिळत नाही. गर्भारपणात हे दोन्ही गट बाळाला घातक ठरतात. दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते आधीच सांगून गोळी बदलून घ्यावी.

क्लोरथॅलिडोन (सहसा १२.५ मिलिग्रॅम) लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकते. ते सकाळी घ्यावे, नाहीतर रात्री उठावे लागते. वृद्धांमध्ये सोडियम घसरून गोंधळल्यासारखे होऊ शकते. घरचे त्याला वयाचा परिणाम समजतात आणि तपासणी राहून जाते. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल हृदयाची गती कमी करतात. ही औषधे एकदम सोडल्यास छातीत दुखणे, प्रसंगी हृदयविकाराचा झटका संभवतो. दमा असल्यास आधी सांगावे.

गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी दाब वाढतो. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला त्या घेतल्या, तर किडनीला इजा होऊ शकते. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हाही धोका तोच. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

रोज एकच वेळ ठरवावी. डोस राहिला तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा, दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या वापराचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि ही वनस्पती जगभर पोचली. तिच्यातील रिसर्पिन नैराश्य आणू शकते म्हणून मागे पडले. सर्पगंधेचे चूर्ण चालू गोळ्यांबरोबर स्वतःहून घेणे धोक्याचे आहे.

दाब १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असे काही असेल, तर १०८ ला फोन करावा. अ‍ॅम्लोडिपिनच्याच गटातल्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देऊ नये. दाब एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.