घडीचा रबरी हूड आणि भटका प्रकाश

उन्हातला फोटो धुरकट आला की पहिला संशय लेन्सवर जातो. मग काच पुसून होते, फिल्टर काढून बघून होतो, कुणीतरी बुरशीचा विषय काढतं. पुष्कळदा लेन्स ठणठणीत असते. सूर्य फ्रेमच्या बाहेर, वर डावीकडे कुठेतरी असतो. फोटोत तो दिसत नाही, पण त्याचा प्रकाश समोरच्या काचेवर तिरका पडून आत शिरलेला असतो. असा प्रकाश अडवायला लेन्सच्या तोंडाशी जे नळकांडं लावतात तो हूड. लेन्ससोबत येणारे कडक प्लास्टिकचे, पाकळ्यापाकळ्यांचे हूड सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्याच कामाचा, मागे दुमडता येणारा काळा रबरी हूड मात्र काहीशे रुपयांची किरकोळ वस्तू म्हणून बाजूला पडतो. माझ्या मते त्याच्या रबरी असण्यातच बरंच भौतिकशास्त्र आहे, आणि एक-दोन कामांत तो कडक हूडला सरळ मागे टाकतो.

आधी हा प्रकाश आत जाऊन करतो काय ते बघू. साध्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. काचेतून हवेत बाहेर पडतानाही तसंच. झूम लेन्समध्ये हवा आणि काच यांची गाठ पडते असे २० पृष्ठभाग सहज असतात. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के गळत गेले तर सरळ वाटेने शेवटपर्यंत जेमतेम ४४ टक्के प्रकाश पोचेल. उरलेला काचांच्या मधल्या जागेत उलटसुलट फिरत राहतो. काही पुढूनच बाहेर पडतो, काही लेन्सच्या नळीच्या भिंतीवर आपटतो, आणि काही सेन्सरवर येऊन पडतो. दोनदा परावर्तन होऊन पुन्हा पुढे निघालेला किरण सेन्सरवर सूर्याची फिकट प्रतिमा उमटवतो. फोटोत तिरक्या रेषेत ओळीने दिसणारे हिरवे-जांभळे ठिपके ते हेच. २० पृष्ठभागांतून दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर त्या १९० होतात, म्हणजे ठिपक्यांना वाटा भरपूर.

काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करता येतं. त्याचा सुगावा लागला तो जुन्या, डागाळलेल्या काचांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं की हवेने काळवंडलेली भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. काळवंडलेल्या काचेवर आपोआप एक पातळ थर तयार झालेला होता. असा थर मुद्दाम चढवायची पद्धत १९३५ मध्ये झाइस कंपनीत ओलेक्सांदर स्माकुला यांनी विकसित केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतात. आजच्या अनेक थरांच्या लेपांमुळे दर पृष्ठभागी परावर्तन अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. मघाच्या हिशेबात ४४ च्या जागी मग ९० टक्के प्रकाश पोचतो.

तरीही प्रश्न सुटत नाही, कारण सूर्य फार तेजस्वी आहे. अर्ध्या टक्क्याचं परावर्तन दोनदा झालं तर मूळ प्रकाशाचा ४०,००० वा भाग उरतो. ऐकायला नगण्य. पण सूर्यबिंब निळ्या आकाशापेक्षा काही लाख पट तेजस्वी असतं, त्यामुळे त्याचा ४०,००० वा भागही आकाशावर ठळक दिसू शकतो.

ठिपके निदान दिसतात तरी. जास्त नुकसान करतो तो सगळ्या फोटोवर सारखा पसरणारा उजेड. समजा, दृश्यातल्या सगळ्यात उजळ भागाचं तेज १०० आहे आणि सगळ्यात गडद सावलीचं ०.१, म्हणजे फरक १००० पट. त्यात सगळीकडे फक्त १ एवढा भटका प्रकाश मिसळा. उजळ भाग १०१ झाला, तो कुणाला कळणारही नाही. सावली मात्र १.१ झाली, आणि १००० पटीचा फरक ९२ पटीवर आला. काळे केस राखाडी दिसतात, झाडांच्या दाट सावल्या धुवून निघाल्यासारख्या होतात. नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून थोडंफार सावरता येतं, पण त्या उजेडाखाली बुडालेले बारकावे पूर्ण परत येत नाहीत.

मग हूड किती लांब असावा? फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याचा कर्ण ४३ मिलिमीटरच्या थोडा वर. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश दिसतं, म्हणजे मध्यापासून एका बाजूला साडेतेवीस. हूडची कड या कोनाच्या आत आली की फोटोचे कोपरे काळे. म्हणून हूड जितका पुढे जाईल तितकं त्याचं तोंड पसरावं लागतं. दर सेंटिमीटर लांबीला २८ मिलिमीटरच्या लेन्ससाठी प्रत्येक बाजूने जवळजवळ ८ मिलिमीटर, ५० साठी साधारण ४, आणि १३५ साठी दीड-पावणेदोन. त्यामुळे वाइड, म्हणजे रुंद कोनाच्या लेन्सचा हूड बशीसारखा पसरट असतो आणि टेलीचा, म्हणजे अरुंद कोनाच्या लेन्सचा, नळीसारखा लांब. झूम लेन्ससोबत येणारा कडक हूड तिच्या सगळ्यात रुंद कोनाला सांभाळून बनवलेला असतो. झूम लांब केला की तो जवळपास शोभेपुरता उरतो.

रबरी हूड इथे उपयोगी पडतो. त्याच्या तीन अवस्था असतात: पूर्ण मागे दुमडलेला, अर्धा उघडलेला आणि पूर्ण उघडलेला. काहींवर कुठली अवस्था किती मिलिमीटरपर्यंत चालेल ते छापलेलंही असतं. ते आकडे बहुधा फुल फ्रेमचे असतात, म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एक घडी जास्त उघडून बघायला हरकत नाही. घडी जागच्या जागी टिकते ती शंकूच्या आकारामुळे. रबराचा कापलेला शंकू उलटा करताना मधल्या स्थितीत त्याचा घेर ताणावा किंवा दाबावा लागतो, त्याला ऊर्जा लागते. ती अडचण ओलांडली की शंकू स्वतःहून दुसऱ्या बाजूला ‘टप्’कन बसतो आणि तिथेच राहतो. पावसात वाऱ्याने छत्री उलटी होते तेव्हा साधारण असंच घडतं. हूडच्या भिंतीला घडीच्या रेषेवर मुद्दाम पातळ केलेलं असतं, म्हणजे वाकायचं कुठे हे रबराला आधीच ठरवून दिलेलं असतं.

हूड किती कमी पडतो तेही सांगितलं पाहिजे. समजा समोरची काच ३२ मिलिमीटर व्यासाची, हूड ३० मिलिमीटर लांब आणि त्याचं तोंड ७० मिलिमीटर रुंद. कागदावर रेघा मारून बघा: सूर्य लेन्सच्या अक्षापासून ३२ अंशांच्या आत असेल तर काचेवर हूडची सावली पडतच नाही, आणि पूर्ण काच सावलीत जायला सूर्य ६० अंशांवर असावा लागतो. म्हणजे फ्रेमच्या अगदी काठाबाहेर असलेल्या सूर्यापुढे हूड हतबल, आणि सूर्य फ्रेमच्या आतच असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. सूर्य काठाबाहेर असेल तेव्हा जुन्या फोटोग्राफरांची युक्ती चालते. टोपी किंवा हात थोडा लांब धरायचा आणि समोरच्या काचेवर त्याची सावली पडेपर्यंत हलवायचा. हात लांब असल्याने तो फ्रेमच्या पुष्कळ जवळून प्रकाश कापतो, हूडला तेवढं जमत नाही. बोटं फोटोत येतात कधीकधी, तेवढं बघावं.

पाकळ्यांच्या हूडचा एक फायदा मान्य करावा लागतो. फोटो आयताकृती असतो, म्हणून वर-खाली कोन कमी आणि कोपऱ्यात जास्त. पाकळ्या हा फरक सांभाळतात. गोल हूडला मात्र कोपऱ्यांच्या हिशेबाने सगळीकडेच उघडं राहावं लागतं. पण रबरी हूड फिल्टरच्या आट्यांत फिरवून बसवायचा, तो कुठे थांबेल याचा नेम नाही, त्यामुळे त्याला पाकळ्या देऊन उपयोग नाही. उलट ज्या जुन्या लेन्सचं तोंड फोकस करताना गोल फिरतं, तिथे गोल हूडच बरा. (पाकळ्यांचा हूड मागे उलटा लावूनच फोटो काढणारे पर्यटक कुठल्याही घाटमाथ्यावर भेटतात. त्यांच्यापुढे कुठलंच शास्त्र चालत नाही.)

नवा हूड लावल्यावर एका फिकट भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे फोटो काढून कोपरे तपासावेत. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नये, साध्या एसएलआरमध्ये (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) तो पूर्ण फ्रेम दाखवत नाही. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, उघडं असताना कोपरे हळूहळू अंधारतात. लहान केलं की तोच अडथळा एकतर साफ निघून जातो किंवा धारदार काळी कड होऊन उमटतो. म्हणून दोन्ही टोकांना बघावं. आधी यूव्ही फिल्टर आणि त्यावर हूड अशी चळत केली की हूड तेवढा पुढे सरकतो, मग मघाशी स्वच्छ असलेले कोपरे काळे पडतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरताना हूड मागे दुमडावा, नाहीतर फोटोच्या खालच्या काठाला त्याची अर्धगोल सावली येते.

काळं रबर प्रकाश गिळतं असं आपण धरून चालतो. ते सरळ पडणाऱ्या प्रकाशाला लागू आहे. गुळगुळीत काळ्या पृष्ठभागावर प्रकाश अगदी चाटून गेला तर गोष्ट बदलते. काचेइतका अपवर्तनांक धरला तर ८० अंशांच्या तिरप्या कोनात जवळजवळ ३९ टक्के प्रकाश परावर्तित होतो. हूडच्या आतल्या भिंतीवर प्रकाश नेमका असाच पडतो. म्हणून चांगल्या हूडची आतली बाजू खरखरीत असते किंवा तिच्यावर बारीक कडी असतात. रबरी हूडच्या घड्यांच्या पायऱ्या हेच काम थोडंफार फुकटात करतात. दुर्बिणींच्या नळीतही याच कारणासाठी आडव्या कडा बसवतात. भारताच्या आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरचं व्हीईएलसी हे उपकरण सूर्यबिंब झाकून भोवतालचं प्रभामंडळ बघतं. ते बिंबाच्या दहा लाखाव्या भागाइतकं फिकट असल्याने तिथे भटक्या प्रकाशाचा बंदोबस्त हाच रचनेचा गाभा आहे.

रबरी हूड मी सगळ्यात जास्त वापरायला सांगेन तो मात्र सावलीसाठी नाही, खिडकीसाठी. पावसाळ्यात मुंबई-पुणे रेल्वेने बोरघाट चढताना एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. तिथे दुहेरी काच असते, म्हणजे चार पृष्ठभाग आणि एकूण सुमारे १५ टक्के परावर्तन. बाहेर ढगाळ का होईना, दिवस असतो, त्यामुळे उजळ धबधब्यावर काही दिसत नाही. पण शेजारच्या ओल्या काळ्या कातळावर तुमचा पांढरा शर्ट आणि डब्यातला दिवा स्पष्ट उमटतो. गाडी बोगद्यात शिरली की बाहेरचा उजेड संपतो आणि पूर्ण खिडकीचा आरसा होतो. रबरी हूड काचेला टेकवला की डब्यातला प्रकाश लेन्सपुढच्या काचेपर्यंत पोचतच नाही. कडक हूडही टेकवता येतो, पण कॅमेरा जरा तिरका केला की एका बाजूला फट पडते आणि तिथून दिवा आत येतो. रबर दबतं, एक बाजू चेपते, फट पडत नाही. शिवाय डब्याची थरथर थोडी शोषली जाते. तरी सगळा भार काचेवर टाकू नये आणि शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावं.

विमानात आतलं पातळ प्लास्टिक लगेच ओरखडतं आणि दबतं, म्हणून तिथे हलकेच टेकवावं. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारा फिल्टर) मात्र काढून ठेवावा. ताण असलेल्या प्लास्टिकमधून असा एकाच दिशेने कंप पावणारा, ध्रुवित प्रकाश गेला की फोटोत इंद्रधनुष्यी पट्टे येतात. मत्स्यालयाच्या जाड काचेवर तिरका कोन घेऊ नये, रबर वाकलं तरी जाड काचेतून तिरका आलेला प्रकाश मासा अस्पष्ट करतो.

रबर म्हातारं होतं. नैसर्गिक रबराच्या रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर हवेतला ओझोन हल्ला करतो, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच भेगा पडतात. हूडमध्ये ती जागा म्हणजे दुमडलेल्या घडीची बाहेरची कड. त्यामुळे बॅगेत ठेवताना जागा असेल तर हूड मोकळ्या अवस्थेत ठेवावा, वर्षभर दुमडून ठेवू नये. तेल आणि सनस्क्रीन लागलेल्या हातांनी रबर फुगतं, चिकट होतं. काही महिन्यांनी त्यावर येणारी पांढरी झाक बघून दमट हवेच्या गावातले लोक घाबरतात, पण ती बहुधा बुरशी नसते. ओझोनपासून बचाव म्हणून रबरात मुद्दाम मिसळलेलं मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं, ते असं दिसतं. बाहेरच्या बाजूला ते तसंच राहू द्यावं. आतल्या बाजूचं मात्र ओल्या फडक्याने पुसावं, कारण तिथे पांढरं काहीही नको. घडीच्या रेषेवर केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या तर उजेडाच्या दिशेला धरून ताणून बघावं. आरपार उजेड दिसला की नवा हूड घ्यायचा, आणि घेताना धातूच्या कड्याचा घ्यायचा. प्लास्टिकच्या कड्यातून रबर निसटतं आणि आटेही लवकर झिजतात.